भाऊ आहे म्हणून सांगा : पुण्यातल्या बाईक टॅक्सीचं प्रकरण

२०२२ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. शिवाजीनगरहून कोथरूडला जायला मी मोबाइलवरून बाईक टॅक्सी बोलावली. पाच मिनिटांत एक मुलगा आला, बावीस-तेवीस वर्षांचा. त्यानं हँडलला अडकवलेलं हेल्मेट माझ्या हातात दिलं. पट्ट्याचं बक्कल तुटलेलं होतं, म्हणून त्यानं पट्ट्यालाच गाठ मारून ठेवली होती. मी मागे बसले तशी तो म्हणाला, "ताई, चौकात आरटीओवाल्यांनी अडवलं तर भाऊ आहे म्हणून सांगा हं."

मी हो म्हटलं. पण नळस्टॉप येईपर्यंत तेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं. मी पैसे देऊन प्रवास करत होते. त्या प्रवासाची नोंद, रस्ता, वेळ, रक्कम, सगळं एका मोठ्या कंपनीच्या यंत्रणेत होत होतं. आणि तरीही ऐन चौकात खोटं बोलायची तयारी आम्हा दोघांना ठेवावी लागत होती.

पुढच्या तीन महिन्यांत हे प्रकरण आरटीओच्या टेबलावरून मुंबई उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेलं. तंत्रज्ञानाचा धंदा, कायदा आणि राजकारण एकमेकांना कसे ढकलतात ते मला इतक्या जवळून आणखी कुठे दिसलं नाही. न्यायालयाचे आणि सरकारचे निर्णय जाहीर आहेत, ते तसेच दिले आहेत. कंपनीचं आणि मला भेटलेल्या माणसांची नावं मात्र मुद्दाम घेतलेली नाहीत.

पार्श्वभूमी

भाडं घेऊन माणूस न्यायचा तर गाडीला परमिट लागतं, ही १९८८ च्या मोटार वाहन कायद्याची मूळ अट. परमिटच्या गाडीची नंबरप्लेट पिवळी, घरगुती गाडीची पांढरी. दुचाकी या चौकटीत बसतच नाही असा पुष्कळांचा समज असतो, तो चुकीचा आहे. मागे एक प्रवासी बसवून भाडं घेणारी मोटरसायकल केंद्राच्या २००४ च्या अधिसूचनेत परिवहन वाहनांच्या यादीत आहे. गोव्यात तर त्याच्या कितीतरी आधीपासून 'पायलट' आहेत. पिवळ्या मडगार्डच्या मोटरसायकली, ठरलेले स्टँड, सरकारी परवाना. पणजीच्या कदंबा स्टँडवर उतरलेला पुणेकर पायलटच्या मागे बसताना कायद्याचा विचारही करत नाही, कारण तिथे तो प्रश्न कधीच सुटलेला आहे. त्यामुळे दुचाकीची टॅक्सी होऊ शकते का, हा आपल्याकडे वादाचा मुद्दा कधी नव्हताच. महाराष्ट्राला ती हवी आहे का, एवढंच ठरायचं होतं.

मधल्या काळात अ‍ॅपवाल्या कंपन्या आल्या. त्यांची स्वतःची गाडी नसते, चालकही त्यांचा नोकर नसतो. प्रवासी आणि चालक यांची गाठ घालून द्यायची आणि मधलं कमिशन घ्यायचं, एवढाच धंदा. २०१९ च्या दुरुस्तीनं अशा कंपनीला कायद्यात प्रथमच नाव मिळालं, अ‍ॅग्रीगेटर. सरकारी मराठीत त्याला समुच्चयक म्हणतात. कलम ९३ प्रमाणे समुच्चयकाला राज्याचा परवाना सक्तीचा झाला. राज्यांना नियम करायला सोपं जावं म्हणून केंद्रानं नोव्हेंबर २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातली एक तरतूद या प्रकरणाच्या मुळाशी आहे: खासगी गाडीतून सहप्रवासी नेण्याची, म्हणजे पूलिंगची, सेवा समुच्चयकाला देता येईल, राज्य सरकारनं मनाई केलेली नसेल तर.

महाराष्ट्रानं स्वतःचे नियम केले नाहीत. २०२१ गेलं. मार्च २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एक जनहित याचिका होती. तिचा विषय वेगळाच होता, अ‍ॅपवरच्या टॅक्सीबद्दल प्रवाशानं तक्रार करायची कुठे, हा. पण सुनावणीत बाहेर आलं की राज्यात या कंपन्या परवान्याविनाच चालतात. ७ मार्चला न्यायालयानं सांगितलं, राज्याचे नियम होईपर्यंत केंद्राची तत्त्वं धरून परवाने द्या, आणि कंपन्यांनी १६ मार्चपर्यंत अर्ज करावेत.

त्याच्या आदल्या दिवशी, ६ मार्चला, पुणे मेट्रोचे पहिले दोन टप्पे सुरू झाले होते. वनाझ ते गरवारे महाविद्यालय आणि पिंपरी ते फुगेवाडी. स्टेशनपासून घरापर्यंत जायचं कशानं, हा प्रश्न त्या दिवसापासून शहरात रोज पडायला लागला. याच सुमारास महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आला आणि निवडणूक लांबत गेली. शहराच्या वाहतुकीबद्दल ज्याला जाब विचारावा असा निवडून आलेला माणूसच नव्हता.

आता रिक्षाची बाजू. पुण्यात रिक्षाचालकांची संघटना हा जुना आणि आदराचा विषय आहे. बाबा आढाव यांच्या रिक्षा पंचायतीपासूनची ती परंपरा. २०१७ मध्ये राज्यानं परमिटांवरची संख्येची मर्यादा उठवली. कर्ज काढून नव्या रिक्षा रस्त्यावर आल्या, स्टँडवरची रांग वाढली. २०२२ च्या एप्रिलमध्ये शहरात साठीच्या घरात असलेला सीएनजी वर्षअखेर नव्वदीच्या पुढे गेला. १ सप्टेंबरपासून भाडं वाढलं, पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७. वाढीव भाडं घ्यायचं तर मीटर आधी दुरुस्त करून, तपासून, सील मारून घ्यायचा. तोवर प्रवासी अ‍ॅपकडे वळलेला.

अडचण

रस्त्यावर प्रत्येकाची अडचण निराळी होती, म्हणून ती एकेकाच्या जागेवरून सांगते.

माझ्या चालकाची गाडी पांढऱ्या नंबरप्लेटची होती. पकडलं तर विनापरमिट प्रवासी वाहतुकीचा गुन्हा, पहिल्याच खेपेला १० हजार रुपये दंड, वर गाडी जप्त. आरटीओचं वायुवेग पथक स्वतःच प्रवासी होऊन गाडी बोलवायचं आणि आलेल्या चालकाला धरायचं. दंड कंपनी भरेल असं म्हणायचे, पण गाडी सोडवायला आरटीओच्या आवारात दिवसभर उभं राहायचं ते चालकानंच.

याहून गंभीर अडचण विम्याची होती, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. घरगुती दुचाकीच्या विम्यात 'भाड्यानं वापरल्यास लागू नाही' अशी अट असते. अपघात झाला तर विमा कंपनी त्या अटीवर बोट ठेवणार. माझ्या डोक्यावर तुटक्या बक्कलाचं हेल्मेट होतं आणि माझ्या विम्याबद्दल कुणालाच खात्री नव्हती. हे मी तेव्हा चालकाला विचारलं. त्याला ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर त्या दिवसापर्यंत मलाही नव्हतं.

रिक्षाचालकाचं म्हणणं मी घराजवळच्या स्टँडवर ऐकलं. पन्नाशीचे काका, वीस वर्षं त्याच स्टँडवर. "ताई, मी बॅज काढला, परमिट काढलं, गाडी पासिंगला नेतो, मीटरला सील मारून घेतो. खाकी शर्ट घातला नाही तरी दंड भरतो. त्या पोराला यातलं एकही नको? मग मलाच का?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तो प्रश्न पोटदुखीतून आलेला नव्हता. नियम पाळायला पैसे लागतात. एकानं ते भरायचे आणि दुसऱ्यानं नाही, तर दुसऱ्याचं भाडं कमी असणारच.

आरटीओच्या अधिकाऱ्यांपुढे अर्ज पडलेला होता. बाईक टॅक्सीचा परवाना कसा द्यायचा, भाडं किती ठरवायचं, याचं राज्याचं धोरण नव्हतं. धोरणाविना सही करायला अधिकारी धजत नव्हते, आणि धोरण करणं त्यांच्या हातात नव्हतं.

नियमच नाही, या एकाच गोष्टीचे दोन अर्थ लावले जात होते. मनाई केलेली नाही म्हणजे चालेल, असं कंपनी धरून चालली होती. परवानगी दिलेली नाही म्हणजे चालणार नाही, असं आरटीओ म्हणत होतं. दोन्ही अर्थांचा भार पडत होता तो चौकात उभ्या असलेल्या त्या मुलावर.

कोणते पर्याय समोर होते

कंपनीपुढे मला तीन वाटा दिसतात. पहिली, परवाना मिळेपर्यंत थांबणं. दुसरी, थोड्याच गाड्या पिवळ्या नंबरप्लेटवर नोंदवून परमिटसाठी रीतसर अर्ज करणं आणि तो नाकारला गेला तर त्या नकाराविरुद्ध न्यायालयात जाणं. तिसरी, सेवा चालू ठेवून अर्ज करणं आणि वाद वाढला की हजारो चालकांच्या पोटापाण्याचा दाखला देणं. कंपनीनं तिसरी घेतली. धंद्याच्या हिशेबात ते समजण्यासारखं आहे. ज्या शहरात आधी पोचाल तिथले चालक आणि प्रवासी तुमचे होतात, आणि थांबलात तर दुसरा येतो. गुंतवणूकदार वाढ मागतो, परवाना नाही.

सरकारपुढे चार वाटा होत्या. नियम करून परवानगी देणं, नियम करून मनाई करणं, एखाद्या भागात प्रयोग म्हणून चालवून पाहणं, किंवा काहीच न ठरवणं. नोव्हेंबर २०२० ते डिसेंबर २०२२ या दोन वर्षांत चौथी वाट धरली गेली. त्यात दोन सरकारं येतात, म्हणून मी हे एका पक्षावर ढकलत नाही. जून २०२२ अखेर सत्ताबदल झाला. नवे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी तरुणपणी ठाण्यात रिक्षा चालवली होती, आणि परिवहन खातंही त्यांच्याकडेच होतं. रिक्षाचालकांना ते आपले वाटत होते. यात गैर काही नाही, पण निर्णय कुठल्या हवेत व्हायचा होता ते यावरून कळतं.

संघटनांपुढेही निवड होती. 'बाईक टॅक्सी बंद करा' ही एक मागणी. 'जे नियम आम्हाला तेच त्यांना' ही दुसरी. पहिली घोषणेत बसते, माणसं गोळा करते. दुसरीला कागद लागतो, बैठका लागतात, आणि ती मान्य झाली तर बाईक टॅक्सी राहणारच.

काय घडलं

२८ नोव्हेंबर २०२२ ला पुण्यात रिक्षा बंद झाल्या. स्टेशनवर उतरलेली माणसं बोचकी घेऊन पायी निघाली होती. त्या सकाळी मी बंडगार्डन रस्त्यानं चालत कामावर गेले. रस्त्यावर रिक्षा नाहीत आणि बाईक टॅक्सीवाले घाबरून घरात, असं दृश्य होतं. डिसेंबरात आंदोलन पुन्हा पेटलं, संगम पुलाजवळ आरटीओच्या परिसरात रिक्षा आडव्या लागल्या, चालकांवर गुन्हे दाखल झाले.

इकडे कंपनीचा अर्ज रखडत, उच्च न्यायालयाची पायरी चढत पुढे सरकत होता. २१ डिसेंबर २०२२ ला पुण्याच्या परिवहन कार्यालयानं तो नाकारला. कारणांचा गाभा असा, की राज्यात बाईक टॅक्सीचं धोरण नाही आणि भाड्याचा दरही ठरलेला नाही. कंपनीनं या नकाराला आव्हान दिलं.

उच्च न्यायालयात दोन्ही बाजूंना कानपिचक्या मिळाल्या. विषय असा लटकत ठेवता येणार नाही, निर्णय घ्या, असं सरकारला सुनावलं गेलं. आणि परवाना नसताना सेवा चालू कशी, असं कंपनीला विचारलं गेलं. १३ जानेवारी २०२३ ला कंपनीला आपल्या सेवा थांबवाव्या लागल्या. बाईकच नव्हे, त्यांची रिक्षाची आणि पार्सलची सेवाही.

१९ जानेवारीला राज्यानं शासन निर्णय काढला. परिवहनेतर म्हणजे पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाड्या समुच्चयकानं प्रवासी वाहतुकीला किंवा पूलिंगला वापरायच्या नाहीत. केंद्राच्या तत्त्वांत 'राज्यानं मनाई केलेली नसेल तर' हे जे दार उघडं होतं, ते या एका कागदानं बंद झालं. दुसऱ्या दिवशी उच्च न्यायालयानं कंपनीची याचिका फेटाळली.

७ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयानंही दिलासा दिला नाही. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाचं म्हणणं थोडक्यात असं: २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याविना समुच्चयकाला चालता येत नाही, आता मुद्दा १९ जानेवारीच्या शासन निर्णयाचा आहे, आणि त्याला आव्हान द्यायचं तर उच्च न्यायालयात जा.

निष्पत्ती

१३ जानेवारीनंतरच्या आठवड्यात मी सवयीनं अ‍ॅप उघडलं, तर दुचाकीचं चिन्हच गायब. स्टँडवरच्या काकांनी त्या दिवशी कुणाला पेढे वाटले नाहीत. धंद्यात फारसा फरक पडला नव्हता. चारचाकी अ‍ॅप टॅक्सी होत्याच, आणि परमिट खुलं असल्यामुळे स्टँडवर रोज नवी रिक्षा येऊन उभी राहत होती. त्यांच्या कमाईतली सगळ्यात मोठी घट जिथून आली असं मला वाटतं, तो २०१७ चा निर्णय या सगळ्या भांडणात कुणाच्या तोंडी आला नाही.

शासन निर्णयाचा फटका भलत्यांनाही बसला. त्याची भाषा दुचाकीपुरती नव्हती, पूलिंगलाच मनाई होती. मुंबई-पुणे, पुणे-नाशिक आपल्या गाडीतली रिकामी जागा अ‍ॅपवर देऊन पेट्रोलचा खर्च वाटून घेणारे नोकरदारही त्यात सापडले. त्यांचा या वादाशी काडीचा संबंध नव्हता. कार पूलिंगचा मार्ग मोकळा व्हायला २०२५ उजाडलं.

दिल्लीतही २०२३ च्या फेब्रुवारीत मनाई आली, उच्च न्यायालयानं तिला स्थगिती दिली, जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती स्थगिती उठवली, आणि त्याच वर्षी तिथल्या सरकारनं फक्त विजेवरच्या बाईक टॅक्सीला जागा देणारी योजना आणली. महाराष्ट्रात निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या समितीनं अभ्यास केला. १ एप्रिल २०२५ ला राज्य मंत्रिमंडळानं एक लाखाहून जास्त वस्तीच्या शहरांत बाईक टॅक्सीला मंजुरी दिली, पण फक्त विजेवरच्या. जुलैमध्ये नियम आले. परवाना हवा तर किमान ५० ई-बाईक, गाड्या पिवळ्या रंगात, एका फेरीला जास्तीत जास्त १५ किलोमीटर. पुढे भाडंही ठरलं, पहिल्या दीड किलोमीटरला १५ रुपये आणि नंतर किलोमीटरला १० रुपये २७ पैसे. पुण्याच्या २०२२ च्या रिक्षादराशी ताडून पाहिलं तर तीन किलोमीटरला रिक्षाचे ५० रुपये ५० पैसे होतात, बाईक टॅक्सीचे ३० रुपये ४० पैसे.

याच जुलैतला एक प्रसंग सगळ्यांनी बातम्यांत पाहिला. परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी मंत्रालयातून दुसऱ्याच नावानं अ‍ॅपवर बाईक बोलावली आणि ती आली, पेट्रोलची, विनापरवाना. चालक समोर उभा राहिल्यावर मंत्र्यांनी त्याला ५०० रुपये दिले आणि सांगितलं, तुझ्यासारख्या गरिबावर गुन्हा दाखल करून काही साधणार नाही. रोख कंपनीवर होता. तो प्रसंग पाहताना मला शिवाजीनगरचा मुलगा आठवला. पुण्यात वायुवेग पथक हेच करायचं, गाडी बोलवायची आणि धरायची. इथे एक मंत्री तेच करून नेमकं उलटं बोलत होते, की चालकाला धरण्यात अर्थ नाही. हे २०२२ मध्येच आरटीओला लेखी कळवलं असतं, तर किती गाड्या जप्तीतून वाचल्या असत्या.

निर्णयाचे टप्पे, आणि वेगळं काय करता आलं असतं

या प्रकरणात सगळ्यात महाग पडलेला निर्णय कंपनीचा आहे, न्यायालयात जाण्याचा नव्हे, ज्या स्थितीत गेली तो. केंद्राच्या तत्त्वांतलं 'मनाई केलेली नसेल तर' हे कलम कंपनीचा आधार होतं. पण तो आधार राज्य गप्प असेपर्यंतचाच होता. सरकारला न्यायालयात खेचून 'बोला' म्हटल्यावर सरकार बोलणार, आणि रस्त्यावर रिक्षा आडव्या लागलेल्या असताना काय बोलणार हे उघड होतं. त्यात हातात परवाना नाही आणि सेवा तर चालू. अशा पक्षकाराला कुठलं न्यायालय अंतरिम दिलासा देईल?

मला वाटतं, दुसरी वाट घ्यायला हवी होती. पन्नास-शंभर गाड्या पिवळ्या नंबरप्लेटवर, व्यावसायिक विमा काढून, धड हेल्मेट देऊन, परमिटसाठी अर्ज. तो नाकारला गेला असता तर भांडण 'नियम पाळायला तयार असलेल्याला सरकार नियमच देत नाही' असं झालं असतं. २००४ ची अधिसूचना आणि गोव्याचे पायलट बाजूला उभे राहिले असते. काकांच्या 'मग मलाच का?' या प्रश्नाला उत्तर मिळालं असतं. मी हे एका वाहतूक सल्लागार मित्रापुढे मांडलं, तर तो म्हणाला की अशानं कंपनीची वाढ खुंटली असती आणि मधल्या काळात दुसऱ्या कंपनीनं शहर घेतलं असतं. असेलही. पण तिसऱ्या वाटेनं जाऊन कंपनीच्या हाती तरी काय राहिलं? राज्यात अडीच वर्षं बाईक टॅक्सीचा कायदेशीर धंदा उभा राहू शकला नाही, आणि परवानगी आली तीही अशी की जोडलेले जुने चालक त्यात बसत नाहीत.

सरकारच्या बाबतीत मी जास्त कडक आहे, कारण कंपनी नफ्यासाठी असते, सरकार नाही. धोरण नाही म्हणून अर्ज नाकारला, आणि धोरण करणं ज्याचं काम त्यानंच ते केलेलं नव्हतं. अधिकाऱ्यांना मी दोष देत नाही, त्यांच्या टेबलावर खरोखरच काही नव्हतं. पण मार्च २०२२ मध्ये, मेट्रो सुरू झाली त्याच आठवड्यात उच्च न्यायालयानं परवान्याचा विषय समोर ठेवला होता. वनाझ आणि पिंपरीच्या स्टेशनांभोवती तीन-चार किलोमीटरच्या टापूत सहा महिने प्रयोग करता आला असता. रिक्षाच्या फेऱ्या किती घटतात, अपघात किती होतात, बायका किती बसतात, हे मोजून कळलं असतं. २०२३ मध्ये नेमलेल्या समितीपुढे स्वतःच्या शहरातले आकडे आले असते. त्याऐवजी आंदोलनाच्या उंबरठ्यावर, सुनावणीच्या आदल्या दिवशी शासन निर्णय निघाला. घाईत काढलेल्या कागदाची भाषा सैल असते, कार पूलिंगवाले त्यात अडकले ते त्यामुळेच.

फक्त विजेवरच्या गाड्यांची अट मला पटलेली नाही. हवा चांगली राहावी हे मलाही हवं आहे. पण मूळ वाद धुराचा नव्हताच. परमिट, विमा, सुरक्षितता आणि रिक्षाचं पोट, हे चार मुद्दे होते. पेट्रोलच्या रिक्षा आणि टॅक्सी चालू असताना फक्त या एका धंद्याला विजेची अट घातली की प्रवेशाचं दार अरुंद होतं, आणि किमान ५० गाड्यांच्या अटीनं ते आणखी अरुंद होतं. ज्याच्याकडे भांडवल आहे तो आत जातो. वडिलांनी घेऊन दिलेल्या पेट्रोलच्या गाडीवर संध्याकाळी चार तास काम करून फी भरणारा मुलगा बाहेर राहतो. पिवळी नंबरप्लेट, व्यावसायिक विमा आणि बॅज या अटींवर त्याला आत घेता आलं असतं. केंद्राच्या जुलै २०२५ च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी तर राज्याची संमती असेल तर पांढऱ्या नंबरप्लेटच्या दुचाकीलाही वाट दिली. म्हणजे चेंडू पुन्हा राज्यांकडेच आला.

संघटनांबद्दल लिहिताना मी थबकते, कारण ज्यांचं रोजचं पोट रोजच्या भाड्यावर आहे त्यांना शहाणपण शिकवणारी मी कोण. तरीही एक गोष्ट नोंदवते. 'बंद करा' ही मागणी जानेवारी २०२३ मध्ये जशीच्या तशी मान्य झाली, आणि सव्वादोन वर्षांनी बाईक टॅक्सी परत आली तेव्हा तिचं भाडं, तिची हद्द, तिच्या अटी ठरवताना 'आमच्यासारखेच नियम' ही मागणी जोरात मांडायची वेळ निघून गेली होती. रिक्षापेक्षा दोन-पंचमांश कमी भाडं सरकारी शिक्क्यानिशी ठरलं. २०२२ मध्येच दुसऱ्या मागणीवर ठाम राहिले असते, तर वाटाघाटीत किमान भाडं आणि मेट्रो स्टेशनावरच्या स्टँडची जागा मागता आली असती. गोव्यातले पायलट स्वतःच संघटित आहेत. दुचाकीचे चालक संघटनेत घ्यावेत ही कल्पना पुण्यात कुणाला सुचली नाही, कारण तोवर ते शत्रू ठरले होते. त्यांच्यातली कितीतरी मुलं रिक्षावाल्यांच्या घरातली होती. माझ्या चालकाचे वडील हडपसरला रिक्षा चालवत. हे त्यानं डहाणूकर कॉलनीच्या सिग्नलला सांगितलं, आणि वर म्हणाला, "बाबांना माहीत नाही मी हे करतो ते."

तो मुलगा मला पुढे २०२४ च्या पावसाळ्यात भेटला. आमच्याच सोसायटीच्या गेटवर, जेवणाचं पार्सल घेऊन आला होता. गाडी तीच, नंबरप्लेट पांढरी, मागे माणसाच्या जागी खोका. मी ओळख दिली. तो हसला, रेनकोटची टोपी मागे केली. आता आरटीओचं काय, म्हणून मी विचारलं.

"डब्याला कुणी विचारत नाही, ताई," असं म्हणून त्यानं ओटीपी मागितला.